विमानाच्या इंजिनाची नाडी

यंत्र चालूं लागलें कीं तें थरथरतें, ही गोष्ट लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. नरसी नामदेवच्या शिवारांत कयाधूच्या कांठीं पाणी उपसणारें डिझेल इंजिन असो, अथवा गांवांतील पिठाची गिरणी असो, जुना जाणता चालक त्याच्या अंगावर तळहात ठेवतो आणि आज हें नीट चालत नाहीं असें सांगतो. पुष्कळ वेळां त्याचें म्हणणें खरेंहि ठरतें. परंतु हें ज्ञान त्याच्या तळहातापुरतेंच राहतें. कालच्यापेक्षां आजची थरथर सव्वापट झाली कीं दुप्पट झाली, हें हातास सांगतां येत नाहीं. आणि चालक बदलला म्हणजे त्याचा अनुभवहि त्याच्याबरोबर जातो.

शेतांतील इंजिन बंद पडलें तर पाण्याची पाळी चुकते. विमानाचें इंजिन मध्येंच दगा देईल तर माणसांच्या प्राणांशीं गांठ असते. म्हणून तेथें केवळ हाताच्या पारखेवर विसंबून भागत नाहीं. थरथर मोजावी लागते आणि मोजलेली वहींत लिहावी लागते. लहान विमानाच्या इंजिनाचें कंपन मोजण्यासारखें यंत्र घरच्या घरीं, थोडक्या खर्चांत कसें करतां येतें, त्याचें माप कसें ठरवावें आणि शाळेच्या प्रयोगशाळेंत टेबल-पंख्यावर तें कसें पारखून पाहावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

थरथरीचा इतिहास

विमानविद्येच्या जन्माबरोबरच कंपनाचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेंतील राइट बंधूंनीं आपलें पहिलें विमान १९०३ सालीं किटी हॉक येथील वाळवंटांत उभें केलें. त्याचें सुमारें बारा अश्वशक्तीचें, चार सिलिंडरांचें इंजिन चार्ल्स टेलर या त्यांच्या कारागिरानें बनविलें होतें. नोव्हेंबरच्या आरंभीं इंजिन प्रथम चालवून पाहिलें, तों त्याच्या अनियमित हिसक्यांनीं पंखे ढिले झाले आणि पंख्यांचे पोकळ दांडे बिघडले. दांडे दुरुस्तीस डेटन गांवीं धाडले. ते परत आल्यावर पुन्हां चालवितां एका दांड्यास चीर गेलेली आढळली. तेव्हां धाकटा बंधु ऑर्व्हिल स्वतः घरीं गेला आणि पोलादाचे भरीव दांडे करून घेऊन ११ डिसेंबर रोजीं परतला. त्यानंतर सहाच दिवसांनीं, १७ डिसेंबर १९०३ रोजीं, मनुष्य यंत्राच्या बळावर प्रथम उडाला. ती चीर उड्डाणापूर्वीं दिसली नसती तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. लॉकहीड कंपनीचें इलेक्ट्रा नांवाचें चार इंजिनांचें प्रवासी विमान २९ सप्टेंबर १९५९ रोजीं टेक्सास प्रांतांत आणि तसेंच दुसरें १७ मार्च १९६० रोजीं इंडियाना प्रांतांत हवेंतच मोडून पडलें. पहिल्यांत ३४ व दुसऱ्यांत ६३ माणसें दगावलीं. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, इंजिनाची बैठक अशक्त झाली असतां फिरता पंखा भोंवऱ्याप्रमाणें डोलूं लागतो, त्या डोलण्याची लय पंखाच्या स्वाभाविक लयीशीं जुळते, आणि अखेर पंखच तुटून पडतो. पुढें त्या विमानांच्या बैठका बळकट करण्यांत आल्या व तीं पुढें अनेक वर्षें सुखरूप चाललीं. दोन्ही गोष्टींचें तात्पर्य एकच आहे. मोठा नाश होण्यापूर्वीं लहानसा कंप होत असतो. तो वेळींच ओळखला पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रांतहि घरीं विमान बांधण्याचें धाडस एका वैमानिकानें केलें आहे. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईच्या कांदिवली उपनगरांत आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईच्या प्रदर्शनांत तें हजारों लोकांनीं पाहिलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें त्याची नोंदणी केली. आणि पुढें धुळें येथील धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. विमान बांधून झालें म्हणजे तें लागलेंच उडत नाहीं. त्याचा प्रत्येक भाग भरंवशाचा आहे हें मापांनीं सिद्ध करावें लागतें. घरगुती वस्तु म्हणजे कशीबशी केलेली वस्तु, असा पुष्कळांचा समज असतो. तो या उदाहरणानें दूर व्हावा.

कंपन कां होतें?

लहान विमानाचा पुढचा पंखा मिनिटास सुमारें २,४०० फेरे फिरतो असें धरूं. म्हणजे सेकंदास ४० फेरे झाले. आतां मध्यापासून ७५ सेंटिमीटर अंतरावर एका पात्यांत केवळ १० ग्रॅम वजन अधिक आहे अशी कल्पना करा. शाळेंत शिकविलेल्या वर्तुळगतीच्या नियमानें हिशेब केला, तर तें दहा ग्रॅम वजन दांड्यास सुमारें ४८ किलोग्रॅम भाराइतक्या जोरानें बाहेर ओढतें, आणि ही ओढ सेकंदास चाळीस वेळां दिशा बदलते. जणूं एक धट्टाकट्टा मुलगा दांड्यास लोंबकळून रात्रंदिवस गरगर फिरत आहे! अशा ओढीनें बोल्ट ढिले होतात, नळ्यांना चिरा पडतात आणि उपकरणांचे कांटे नाचूं लागतात.

पंख्याचा असमतोल हें एक कारण झालें. एखाद्या सिलिंडरांत ठिणगी नीट न पडणें, झडप नीट न मिटणें, बैठकीचें रबर झिजणें, हीं दुसरीं कारणें होत. प्रत्येक कारणाची लय निराळी असते. म्हणून कंपन किती आहे एवढेंच नव्हे, तर तें सेकंदास किती वेळां होतें हेंहि आपल्या यंत्रानें सांगितलें पाहिजे.

यंत्राचें तत्त्व

कांहीं स्फटिक दाबले अथवा वांकविले असतां त्यांच्या दोन बाजूंवर वीज उत्पन्न होते, हा शोध प्येर व झाक क्युरी या फ्रेंच बंधूंनीं १८८० सालीं लाविला. हा गुण असलेल्या चिनी मातीसारख्या पदार्थाची पातळ चकती पितळी पत्र्यावर बसविलेली बाजारांत मिळते. वाजणाऱ्या खेळण्यांत आणि घड्याळाच्या गजरांत आवाज काढणारी चकती ती हीच. तिला वीज दिली तर ती थरथरते. उलट तिला थरथरविलें तर ती वीज देते. आपणांस हा दुसरा गुण हवा आहे.

चकतीची कड एका कड्यावर टेकवून तिच्या मध्यावर लहानसें वजन चिकटविलें, तर बूड हललें असतां तें वजन आपल्या जडत्वामुळें मागें राहूं पाहतें. एस. टी. गाडी एकदम सुटली असतां उभे उतारू मागें जातात, तसेंच हें आहे. वजन मागें राहिलें कीं चकती वांकते, आणि जितका हिसका मोठा तितकी वीज अधिक मिळते.

रचना

साहित्य पुढीलप्रमाणें घ्यावें: २७ मिलिमीटर व्यासाची एक चकती, तिची कड टेकेल असा जाड वॉशर, अल्युमिनियमचा अथवा लोखंडाचा बोटभर जाडीचा तुकडा, पांच ग्रॅम वजनाची पितळी चाकी, म्हणजे नट, दोन भागांचा घट्ट होणारा डिंक, ज्यास एपॉक्सी म्हणतात, जाळीचें वेष्टण असलेली तार, दहा लक्ष, एक लक्ष व दहा हजार ओहमचा एकेक रोध, टीएल०७२ नांवाची लहान चिप, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि झांकण म्हणून एक पत्र्याची डबी.

धातूच्या तुकड्यावर वॉशर चिकटवावा. वॉशरवर चकतीची पितळी कड सर्व बाजूंनीं सारखी चिकटवावी. मधला भाग मोकळा राहिला पाहिजे. चकतीच्या दोन बाजूंस बारीक तारा डाक लावून जोडाव्या. डाग देतांना इस्त्री क्षणभरच टेकवावी, कारण अति उष्णतेनें चकतीचा गुण नाहींसा होतो. मग वरच्या बाजूस मध्यावर पातळ कागद ठेवून त्यावर चाकी चिकटवावी. एक दिवस सुकूं द्यावें. सर्वांवर पत्र्याची डबी झांकून ती तारेच्या जाळीस जोडावी, म्हणजे घरांतील विजेची गुणगुण आंत शिरणार नाहीं.

येथें एक खुबी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चकतीची तार सरळ संगणकाच्या मायक्रोफोनच्या भोंकांत घातली तर यंत्र चालतेंसें दिसतें, पण खोटें बोलतें. चकती म्हणजे सुमारें २० नॅनोफॅरडची धारक-पेटीच होय. मायक्रोफोनच्या भोंकाचा रोध बहुधा फार थोडा, कांहीं हजार ओहम, असल्यामुळें मंद लयीची वीज तेथेंच गळून जाते आणि आपणांस हवी असलेली सेकंदास चाळीसची लय जवळजवळ दिसत नाहीं. चकतीस दहा लक्ष ओहमचा रोध जोडला, तर सेकंदास आठांहून अधिक लयीचीं कंपनें नीट टिकतात. म्हणून मध्यें टीएल०७२ ही चिप घालावी. ती चकतीकडून वीज जवळजवळ न घेतां तिची हुबेहूब नक्कल पुढें पाठविते. चकती व चिप यांच्यामध्यें एक लक्ष ओहमचा रोध घालावा, म्हणजे अकस्मात ठोका बसून अधिक व्होल्ट निघाले तरी चिप जळणार नाहीं. चिपेपासून संगणकाच्या ध्वनि घेणाऱ्या भोंकाकडे जाणाऱ्या तारेंत दहा हजार ओहमचा रोध असावा.

यंत्र झाल्यावर त्याच्या बुडास पेन्सिलीनें टिचकी मारून पाहावी. चकती व चाकी मिळून एका ठराविक लयीनें निनादतात. ती लय संगणकावर दिसते. जें कंपन मोजावयाचें त्याच्या निदान पांचपट ही लय असली, तर चूक शेंकडा चारांच्या आसपास राहते. लय कमी आली तर हलकी चाकी लावावी.

माप ठरविणें

ज्या गांवास शिंपी-कुळांतील नामदेवमहाराजांचें नांव लाभलें आहे, तेथें माप घेतल्यावांचून कापडास कात्री लावूं नये हें निराळें सांगावयास नको. आपलें यंत्र आतां वीज देतें खरें. पण किती विजेस किती कंपन हें ठाऊक नसेल, तर तें तळहाताहून फारसें शहाणें नाहीं.

सुदैवानें एक माप सृष्टीनेंच फुकट दिलें आहे. तें म्हणजे पृथ्वीचें गुरुत्व. आठ इंची जुना ध्वनिवर्धक उताणा ठेवावा. त्याच्या मध्यावर हलकी कडक चकती चिकटवून तीवर आपलें यंत्र बसवावें, आणि शेजारीं कागदाच्या उथळ वाटींत सायकलीच्या छऱ्यांपैकीं एक बारीक छरा ठेवावा. संगणकांतून सेकंदास ४० लयीचा सूर ध्वनिवर्धकास द्यावा व तो हळूहळू वाढवावा. वाटी खालीं जातांना तिचें त्वरण गुरुत्वाहून अधिक झालें कीं छरा वाटीपासून सुटतो आणि खडखड वाजूं लागतो. तो वाजूं लागला त्याच क्षणीं कंपनाचें त्वरण एक गुरुत्वाइतकें आहे असें समजावें, आणि त्या वेळचा यंत्राचा आंकडा लिहून ठेवावा. त्यानंतर संगणकावरील आवाजाची पट्टी मुळींच हलवूं नये. ती हलली तर माप पुन्हां ठरवावें लागेल.

विमानाचे कारागीर त्वरणाऐवजीं कंपनाचा वेग सेकंदास किती इंच हें पाहतात. सेकंदास ४० लयीवर एक गुरुत्व त्वरण म्हणजे सुमारें १.५ इंच वेग होय. पंखा तोलतांना हा वेग साधारणतः ०.२ इंचाच्या खालीं आणण्याचा प्रयत्न असतो, ०.०७ इंचाच्या आंत आला तर तोल उत्तम समजतात. ०.२ इंच वेगास इंजिनाची हालचाल मध्यापासून अवघी एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीहूनहि कमी असते. इतकें सूक्ष्म अंतर डोळ्यास दिसणें शक्य नाहीं. आपल्या डबीस मात्र तें दिसतें.

आंकडे वाचणें

अनेक लयी एकत्र मिसळल्या असतां त्या वेगळ्या करण्याचें गणित फूर्ये या फ्रेंच पंडितानें १८२२ सालीं प्रसिद्ध केलें. आज तेंच गणित संगणकावरील ऑडॅसिटीसारखी फुकट मिळणारी प्रणाली क्षणांत करते आणि लयींचे उंचसखल सुळके काढून दाखविते. इंजिन चार सिलिंडरांचें व चार धक्क्यांचें, पंखा दोन पात्यांचा आणि गति मिनिटास २,४०० फेरे असेल, तर सुळक्यांचा अर्थ असा लावावा. सेकंदास ४० वरचा सुळका बहुधा पंख्याचा असमतोल दाखवितो. ८० वरचा सुळका सिलिंडरांतील नेहमींच्या स्फोटांचा व दोन पात्यांचा असतो. तो थोडाफार असावयाचाच. २० वरचा सुळका वाढला तर एखादें सिलिंडर अशक्त झाल्याचा संशय घ्यावा. कारण प्रत्येक सिलिंडरांत दोन फेऱ्यांत एकदांच स्फोट होतो.

हीच रीत शेतांतल्या इंजिनासहि लागू पडते. मिनिटास १,५०० फेरे फिरणाऱ्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनांत फेऱ्याची लय २५ आणि स्फोटाची साडेबारा असते. बैठकीचे बोल्ट ढिले झाले कीं हे सुळके पूर्वीच्या नोंदीहून बदललेले दिसतात.

टेबल-पंख्यावरील प्रयोग

विद्यार्थ्यांनीं प्रयोग तीन पात्यांच्या, जाळी असलेल्या टेबल-पंख्यावरच करावा, आणि शिक्षक अथवा वडील माणूस जवळ असावें. यंत्र पंख्याच्या मोटारीच्या अंगास घट्ट बांधावें. जाळी काढून पात्यास हात लावण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं विजेचा खटका बंद करून तार भिंतीवरून काढावी, आणि जाळी पुन्हां बसविल्यावांचून पंखा सुरू करूं नये.

प्रथम पंखा जसा आहे तसा चालवून फेऱ्याच्या लयीवरचा आंकडा घ्यावा. तो ६ आला असें धरूं. मग २ ग्रॅमचें वजन पहिल्या पात्यास मागील बाजूनें चिकटपट्टीनें घट्ट लावून आंकडा घ्यावा. तेंच वजन मध्यापासून तितक्याच अंतरावर दुसऱ्या, मग तिसऱ्या पात्यास लावावें. आंकडे अनुक्रमें ५.२, ५.२ व ९ आले असें समजूं.

आतां कागदावर ६ एकक त्रिज्येचें वर्तुळ काढा आणि त्यावर पात्यांचे तीन बिंदु १२० अंशांच्या अंतरानें मांडा. पहिल्या बिंदूपासून ५.२, दुसऱ्यापासून ५.२ व तिसऱ्यापासून ९ त्रिज्येचे कंस काढा. तिन्ही कंस एका बिंदूंत मिळतात. तो बिंदु मध्यापासून ३ एकक दूर, पहिल्या व दुसऱ्या पात्याच्या बरोबर मधल्या दिशेस आहे. याचा अर्थ, २ ग्रॅम वजनाचा परिणाम ३ आहे. मूळ कंपन ६ आहे. म्हणून ४ ग्रॅम वजन त्या मधल्या दिशेस हवें. तेथें पातें नाहीं, तेव्हां काय करावें? समांतरभुज चौकोनाच्या नियमानें पहिल्या व दुसऱ्या पात्यास प्रत्येकीं ४ ग्रॅम लावले असतां त्यांची बेरीज मधल्या दिशेस ४ ग्रॅमच येते. वजनें लावून पंखा पुन्हां चालवा आणि आंकडा किती उतरला तें पाहा. वर्गांत नुसता पाठ केलेला नियम असा हाताखालीं खरा ठरतांना जो आनंद होतो, तो निराळाच.

विमानाच्या पंख्यावरहि हीच भूमिति वापरतां येते. परंतु तेथें वजन बसविण्याचें व खरें-खोटें ठरविण्याचें काम परवाना असलेल्या विमान-अभियंत्याचेंच आहे. फिरता पंखा डोळ्यास दिसेनासा होतो आणि क्षणांत जीव घेतो. घरगुती यंत्रानें मिळालेला आंकडा हा अभियंत्यास विचारावयाचा प्रश्न आहे. उड्डाणाचा परवाना नव्हे. शिवाय यंत्र सिलिंडरच्या उष्णतेपासून दूर, इंजिनाच्या पुढच्या अंगास बोल्टनेंच कसलेलें असावें. ढिलें बसविलेलें यंत्र इंजिनाऐवजीं स्वतःचीच थरथर सांगतें.

सूक्ष्म कंपनाचें महत्त्व पाहावयास आपणांस परदेशीं जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्याच हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें तिच्यासाठीं सुमारें २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रकाश खेळवून दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींतून निघालेल्या गुरुत्वलहरी तेथें टिपावयाच्या आहेत. अशी लहर अमेरिकेंतील जुळ्या यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं प्रथम टिपली. या लहरींनीं होणारा फरक अणुगर्भापेक्षांहि पुष्कळ लहान असल्यामुळें जमिनीची, वाऱ्याची व वाहनांची थरथर तेथें शत्रु ठरते, आणि तिला आवर घालण्यापूर्वीं ती मोजावी लागते. आपल्या डबींतील चकती आणि तेथील नाजूक उपकरणें यांत अंतर फार असलें, तरी विद्या एकाच जातीची आहे. उद्यां तेथें काम करणारे हात याच परिसरांतील शाळांतून कां जाऊं नयेत?

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस एकच सुचवावेंसें वाटतें. यंत्र करण्यास सुटीचे दोन दिवस पुरतात. खरी कसोटी त्यानंतर असते. शेतांतील इंजिन, गिरणी, विहिरीवरील पंप यांपैकीं एक निवडून दर रविवारीं त्याच जागीं, त्याच गतीस, त्याच रीतीनें कंपन मोजावें आणि तारीख घालून वहींत लिहावें. एकटा आंकडा मुका असतो; सहा महिन्यांची ओळीनें लिहिलेली नोंद मात्र बिघाड होण्यापूर्वींच सावध करते. जो मुलगा अथवा जी मुलगी पंपाची वही नेमानें लिहील, तिच्या हातीं पुढें कोणी विमान सोंपविलें तरी काळजीचें कारण नाहीं.